एक साधी आवृत्ती द्या हो!

काही माणसांचं भाऊबंदांशी वैर असतं, काहींचं घरमालकाशी. माझं एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे 'स्पेशल'.

तसा मी भांडखोर नाही. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या कारकुनात भांडायची ताकद उरतच नाही. समोरचं गिऱ्हाईक रोज दोघांच्या वाटणीचं भांडून जातं. पण 'स्पेशल' कानावर पडलं, की माझ्यातला निद्रिस्त बी.कॉम. खडबडून जागा होतो आणि हिशेब मागू लागतो.

आता चहाचंच घ्या. कुठल्याही टपरीवर जाऊन 'एक चहा' म्हणा. टपरीवाला तुमच्याकडे न बघता विचारील, "साधा की स्पेशल?" वास्तविक एके काळी टपरीवर नुसता चहा मिळत असे. त्यात दूध असे, साखर असे, पत्ती असे आणि आपलं नशीब जोरावर असलं तर आलंही असे. मग कुणा सुपीक डोक्याच्या माणसाने त्याच चहाला 'स्पेशल' म्हणायला सुरुवात केली, वर चार पैसे लावले आणि पातेल्यात उरलेल्या तांबूस गरम पाण्याचं 'साधा' असं बारसं केलं. म्हणजे बघा, स्पेशलमध्ये काही घातलं नाही. साध्यातलं काढून घेतलं. अर्थशास्त्राला आमची ही एवढीच देणगी, पण ती पक्की आहे: जगात जेव्हा जेव्हा 'स्पेशल' जन्माला येतं, तेव्हा तेव्हा शेजारच्या खोलीत 'साधं' आजारी पडतं.

स्पेशल थाळी निघाली आणि साध्या थाळीतली कोशिंबीर गेली. देवळात स्पेशल दर्शन सुरू झालं आणि साध्या रांगेतल्या माणसाला देवाची फक्त पाठमोरी गर्दी दिसू लागली. बँकांतही (आमच्याच असं नव्हे, एकूणच) सोनेरी, रुपेरी, हिऱ्यामोत्यांची खाती निघाली, आणि साधं बचत खातं असलेला माणूस काउंटरशी येताना उगीचच चप्पल बाहेर काढावी की काय अशा चेहऱ्याने येऊ लागला.

हे सगळं मी आजवर मुकाट गिळलं. पण गेल्या दिवाळीत हा स्पेशल आमच्या जव्हारच्या राहत्या घरात घुसला, तोही संगणकाच्या पडद्यातून. आता गप्प बसणं शक्य नाही.

त्याचं असं झालं. आमचा भाचा बंड्या अकरावीसाठी आमच्याकडे राहतो. माझी बहीण मोखाड्याला. तिथून इथं रोज एस.टी.ने येऊन-जाऊन मुलाचा निम्मा अभ्यास खिडकीबाहेर पडतो, म्हणून तो आमच्याकडे. बंड्या गुणी मुलगा आहे. भूगोलात कच्चा असला तरी त्याला रॉकपोर्ट नावाच्या गावातली गल्लीन् गल्ली पाठ आहे. हे रॉकपोर्ट नकाशात शोधू नका. ते 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड' नावाच्या गेममध्ये आहे. हा गेम २००५ सालचा, म्हणजे बंड्यापेक्षा वयाने मोठा. पण आमचा संगणकही त्याच सुमाराचा असल्याने दोघांचं मेतकूट जमलं.

तर बंड्या म्हणाला, "मामा, नाशिकला एकाकडे जुनी ब्लॅक एडिशन आहे. देतोय तो."

"ब्लॅकने कशाला घ्यायची?" मी म्हटलं. "सरळ पावती घेऊन घे ना."

"ब्लॅकने नाही हो मामा! ब्लॅक एडिशन! स्पेशल असते ती."

झालं. आमचा बी.कॉम. जागा झाला.

मतभेद करायचा तर माहिती घेऊन करावा, या बाण्याने मी दोन रविवार बंड्याशेजारी स्टूल टाकून बसलो. गेम असा आहे. एका भल्या माणसाची (भला म्हणजे रात्री रस्त्यावर पैजेच्या शर्यती लावणारा) बी.एम.डब्ल्यू. गाडी रेझर नावाचा बिलंदर कपटाने जिंकून घेतो. त्या गाडीच्या जिवावर रेझर गावातल्या पंधरा नामचीन शर्यतबाजांच्या यादीत पहिला होतो. यादीचं नाव ब्लॅकलिस्ट. आपण तळातून, पंधराव्यापासून सुरुवात करायची आणि एकेकाला हरवत, एकेक नाव खोडत रेझरपर्यंत पोचायचं. मला हे फार आवडलं. आमच्याकडे थकबाकीदारांची यादी अशीच असते. फरक इतकाच, की आमच्या यादीतला पहिला कधी हाती लागत नाही. पंधराव्यालाच सगळे मिळून धरतात.

मागे पोलीस लागतात. त्यांना जितका जास्त वेळ झुलवाल, तितकं तुमच्या डोक्यावरचं इनाम वाढतं. आणि, वाचकहो, हे नीट ऐका, तुमच्या धुमाकुळापायी सरकारला किती खर्चात पडावं लागलं याचा आकडा पडद्यावर येतो! तो आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला की तुमची प्रगती झाली असं धरतात. सरकारी तिजोरीला खड्डा पाडल्याबद्दल बढती देणारी ही पद्धत फक्त गेममध्येच आहे, असं मी बंड्याला छातीठोकपणे सांगितलं. मुलांसमोर काही गोष्टी छातीठोकपणेच सांगाव्या लागतात.

एका दुकानाच्या माथ्यावर भलंमोठं डोनट आहे. डोनट म्हणजे मेदूवड्याचा परदेशी शिकायला गेलेला चुलतभाऊ. गाडीने खांब उडवले की तो महाकाय वडा मागून येणाऱ्या पोलिसांच्या अंगावर कोसळतो. आमच्या हिने हे एकदा पाहिलं आणि "अन्नाची काय ही नासाडी!" म्हणून ती आत निघून गेली.

पण माझं सगळ्यात लाडकं बटण म्हणजे स्पीडब्रेकर. गेममधला स्पीडब्रेकर रस्त्यावर नसतो, आपल्या हातात असतो. बटण दाबलं की जग संथ होतं, पोलीस तरंगत येतात आणि आपण शांतपणे विचार करून वळण घेतो. आमच्याकडचा स्पीडब्रेकर डांबराचा असतो. तो रात्री दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो आपल्या मागे असून डोकं एस.टी.च्या टपाला लागलेलं असतं. दोन्हीकडे काळ थांबतो हे मात्र खरं.

आता इथं काही सज्जन सरसावून म्हणतील, की मुलांना बिघडवणारे हे गेम बंदच करा. त्या मोर्चात मी नाही. मुलं बिघडवायला इतका खर्च आणि इतकी वीज लागत नाही. शिवाय बंड्याला या खेळाने काडीचाही वेग शिकवलेला नाही. कॉलेजला निघताना तो तीनदा हाक मारल्याशिवाय उठत नाही. जव्हारच्या आसपास वेगाचा खरा उच्छाद मांडतात ते पावसाळ्यात शनिवार-रविवारी दाभोसाचा धबधबा बघायला येणारे शहरातले बाप्ये. त्यांतले निम्मे माझ्या वयाचे असतात. त्यांना कुठल्या गेमने बिघडवलं हे शोधायला आयोग नेमावा लागेल.

तेव्हा माझं भांडण शर्यतीशी नाही. माझं भांडण पाकिटावरच्या त्या दोन शब्दांशी आहे.

ब्लॅक एडिशनमध्ये असतं तरी काय? मी बंड्याला पानभर यादी करायला लावली. यादी पाव पान भरली. काही जादा शर्यती. काही जादा गाड्या, त्यांत १९६७ सालची एक कॅमारो आणि त्या सुप्रसिद्ध बी.एम.डब्ल्यू.चं वेगळ्या रंगरंगोटीचं रूप. सोबत आणखी एक तबकडी, तीत गेम कसा बनवला याच्या मुलाखती. म्हणजे पापडाचं पाकीट घ्यावं आणि आत पापड लाटणाऱ्या काकूंचं मनोगत निघावं! काकूंबद्दल मला आदर आहे. पण भूक लागलेली असताना मनोगत तळता येत नाही.

आणि निमित्त काय, तर या गेम-मालिकेचा दहावा वाढदिवस. इथं माझी लेखणी अडली. मालिकेतला पहिला गेम १९९४ सालचा. १९९४ आणि दहा म्हणजे २००४. मग २००५ साली दहावा वाढदिवस कसा? रोजकीर्दीत एका वर्षाची तूट! मी रात्री साडेअकरापर्यंत ताळा जुळवत बसलो. शेवटी उलगडा झाला. १९९४ साली तो एका वेगळ्याच खेळयंत्रावर आला होता. साध्या संगणकावर यायला १९९५ उजाडलं. म्हणजे साध्या माणसाच्या हिशेबाने दहा वर्षं बरोबर. या सबंध प्रकरणात साध्याचा हिशेब धरला गेला तो एवढाच एकदा, म्हणून मी त्याची मुद्दाम नोंद करतो.

बरं, ही खोड काही दहाव्या वर्षी लागलेली नाही. पाळण्यात असल्यापासूनची आहे. त्या पहिल्याच गेमची १९९६ साली 'स्पेशल एडिशन' नावाने आवृत्ती निघाली होती, दोन नवे रस्ते घालून. म्हणजे ज्यांनी वर्षभरापूर्वी पैसे मोजून पहिली घेतली होती, त्यांना वर्षभराने कळलं की आपल्या घरात आहे ती साधी! घेतली तेव्हा ती साधी नव्हती हो. नुसता 'गेम' होती. शेजाऱ्याकडे दुसरी सून आली की आपल्या घरातली आपोआप 'जुनी' होते, त्यातला प्रकार.

याच्याही वरताण एक आहे. 'मिडनाइट क्लब ३' नावाचा असाच रस्त्यावरच्या शर्यतींचा गेम, तोही २००५ चाच. तो बाजारात आला तोच मुळी 'डब एडिशन' म्हणून. डब हे गाड्यांच्या शौकिनांचं एक अमेरिकन मासिक, त्याच्या नावाने. मी बंड्याला विचारलं, "आणि याची साधी आवृत्ती?" बंड्या म्हणाला, "नाहीच निघाली." नाहीच निघाली! म्हणजे पहिली बायको न करताच दुसरेपण! आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून २००६ साली 'डब एडिशन रीमिक्स' आली, टोकियो शहर आणि दोन डझन गाड्या जादा घालून. विशेष आवृत्तीची विशेष आवृत्ती. उद्या टपरीवाला "स्पेशलमध्ये साधा की स्पेशल?" असं विचारील तेव्हा आश्चर्य वाटून घेऊ नका.

पण माझा सिद्धान्त शिक्कामोर्तब होऊन बाहेर पडला तो बंड्याच्या पुढच्या माहितीने. मोस्ट वॉन्टेडच्या साध्या आवृत्तीतच म्हणे काही चीजा दडवलेल्या आहेत. सुरुवातीच्या पडद्यावर बर्गर विकणाऱ्या एका कंपनीचं नाव टाइप केलं की एक जादा शर्यत उघडते. इंजिन ऑइलच्या कंपनीचं नाव टाइप केलं की एक जादा गाडी मिळते. पूर्वी गुहेचं दार उघडायला तिळाचं नाव घेऊन भागायचं, आता बर्गरचं घ्यावं लागतं, एवढीच काय ती प्रगती. मुद्दा असा की माल तुमच्या घरात आहे, तुमच्या पैशाने आलेला आहे, तुमच्याच यंत्रात फिरतो आहे, आणि तरी कुलूपबंद आहे. आमच्या बँकेत लॉकरला दोन किल्ल्या असतात. एक बँकेची, एक गिऱ्हाइकाची. इथं दोन्ही किल्ल्या कंपनीकडे आणि लॉकर तेवढं आपल्या घरात!

हे सगळं मी परवा बंड्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या मेहुण्यांना ऐकवलं. मेहुणे दुकानदार. ते म्हणाले, "भाऊसाहेब, यात वाईट काय? ज्याला परवडतं त्याने जास्त द्यावं, ज्याला नाही त्याने साधं घ्यावं. उलट स्पेशलवाल्याच्या पैशावर साध्याचं भागतं."

हा युक्तिवाद मला नवा नाही. परीक्षेत तो मी पाच मार्कांना लिहिलेला आहे. पण तो जिथं मोडतो ती जागाही एका जुन्या माणसाने दाखवून ठेवली आहे. ज्यूल द्युपुई नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता. रस्ते-पूल बांधता बांधता तो हिशेबाकडे वळला, म्हणजे माणूस आपल्यापैकीच. त्याच्या काळी आगगाड्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. लोकांना वाटे, गरिबांच्या डब्याला छप्पर घालायला कंपनीकडे पैसे नसतील, किंवा तिला गरिबांचा राग असेल. द्युपुईने १८४९ च्या सुमाराला लिहून ठेवलं, की तसं काही नाही. छपराला असा कितीसा खर्च? पण तिसऱ्या वर्गाला छप्पर घातलं, तर दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणारा माणूसही तिसऱ्यात जाऊन बसेल. त्याला घाबरवायला गरिबाला भिजवायचं!

मेहुण्यांना मी म्हटलं, "वरच्या वर्गात गादी घाला, माझं काही म्हणणं नाही. त्या गादीचे पैसेही घ्या. पण माझ्या डोक्यावरचं छप्पर काढून तिच्यात कापूस भरू नका."

मेहुणे म्हणाले, "दुकानात गिऱ्हाईक आलं वाटतं," आणि उठले. दुकान मोखाड्याला आणि आम्ही बसलो होतो जव्हारला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

खरा वकील निघाला तो बंड्या. तो म्हणाला, "पण मामा, साधा गेम अपुरा नाही. त्यातही पंधराच्या पंधरा जणांना हरवता येतं. रेझरपण हरतो. गाडी परत मिळते. ब्लॅक एडिशन नसली तरी काही अडत नाही."

यावर माझं उत्तर असं की, शाबास! मी म्हणतो ते हेच. कुठल्याही स्पेशलची परीक्षा त्या स्पेशलकडे बघून घ्यायचीच नसते. त्याच्या शेजारची साधी आवृत्ती उघडायची आणि बघायचं: हिच्यात गोष्ट शेवटपर्यंत जाते का? जात असेल, तर वर खुशाल दहा झालरी लावा. मोस्ट वॉन्टेडची साधी आवृत्ती या परीक्षेत पास होते. कुलपाचे मार्क कापूनही सेकंड क्लास मिळतो. कॅनडात बसून गाड्यांची चित्रं पळवणाऱ्या कंपनीला एवढं जमलं. पडद्याबाहेर, आमच्या जव्हार-मोखाड्यात, तेवढंही जमत नाही. माझं रडगाणं आहे ते इथलं.

आमचं जव्हार बघा. हे मुकणे राजांचं संस्थान, डोंगरमाथ्यावरचं थंड हवेचं गाव, इथं राजवाडा आहे. पण याची ओळख करून देतात कशी? 'मिनी महाबळेश्वर'! अहो, आम्ही स्वतः एक गाव आहोत. दुसऱ्याची खिशात मावणारी आवृत्ती नव्हे. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा आम्ही नव्या आवृत्तीत आलो. मुखपृष्ठ बदललं, पत्त्यात ठाण्याच्या जागी पालघर लिहायला लागलो, शिक्के नवे झाले. मोखाड्याहून त्र्यंबककडे जाणारा आमचा घाटरस्ताही बढती मिळून राष्ट्रीय महामार्ग १६०-अ झाला. हा 'अ' पाहिला की मला पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं परिशिष्ट आठवतं. वळणं मात्र सगळी पहिल्या आवृत्तीतलीच ठेवली आहेत, एकही गाळलेलं नाही.

एस.टी.चा इतिहासही मी कोळून प्यायलो आहे. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले. त्यासाठी आणलेल्या बसगाड्या पुढे महाराष्ट्रात आल्या आणि त्यांना लोक 'एशियाड' म्हणू लागले. केवढं कौतुक होतं त्यांचं! मग हिरकणी आली, शिवनेरी आली, शिवशाही आली. एकेक विशेष आवृत्ती निघत गेली. येऊ देत, मी त्यांतून ऐटीत प्रवासही केला आहे. पण आमच्या पाड्यांवरच्या माणसाला हवी असते ती लाल, साधी, खडखडणारी एस.टी., जी बोर्डावर लिहिल्या वेळेच्या आसपास येईल आणि बोर्डावर लिहिलेल्या गावापर्यंत जाईल. एवढंच. गोष्ट शेवटपर्यंत गेली पाहिजे.

पाण्याचंही तेच. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ आहे, आणि त्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईला पाणी मिळू नये असं मी म्हणणार नाही. माझी सख्खी मावशी तिथं तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिचा नळ सकाळी वीस मिनिटं येतो. पण एप्रिल उजाडला की त्याच मोखाड्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. पाऊस आमच्या डोंगरावर पडतो तो शंभर टक्के साधा, सगळ्यांना सारखा. उन्हाळ्यापर्यंत त्याच्यातही दोन आवृत्त्या कशा होतात, हे कोडं मला बी.कॉम.च्या कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. द्युपुईच्या पुस्तकात असेल.

आणि एक गोष्ट विनोदात बसत नाही, ती तशीच लिहितो. ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर एका बाईला दिवसांआधीच जुळं झालं. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे गाडी येऊ शकली नाही. बाळं दगावली. त्या बाईला डोलीत घालून, पावसातून, सुमारे तीन किलोमीटर चालत माणसांनी रस्त्यापर्यंत आणलं. सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. डोली म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं: एक दांडा, त्याला बांधलेली चादर किंवा झोळी, आणि खाली चिखलात घसरणारे चार पाय. तिला कुठलं बटण नसतं. जगाला संथ करायचं बटण तर नाहीच. जग आधीच संथ असतं.

मोस्ट वॉन्टेड! कुणाला कशाची सर्वांत जास्त गरज आहे, याची यादी करायची तर ती इथून सुरू करायला हवी होती.

म्हणून म्हणतो, स्पेशल या शब्दाला मी हसतो ते उगीच नव्हे. जिथं साधी आवृत्तीच पुरी छापली गेलेली नाही, तिथं 'विशेष पॅकेज', 'विशेष कृती', 'विशेष मोहीम' अशी पाकिटं बघितली की मला ती मुलाखतींची तबकडी आठवते. रस्ता नाही, पण रस्ता कसा होणार याचं मनोगत आहे!

बरं, साधी आवृत्ती पुरी देणं अशक्य आहे म्हणावं, तर आमच्याच मोखाड्यात तसा दाखला आहे. मोखाड्याचा बोहाडा तुम्ही पाहिलाय का? नसेल तर जरूर पाहा. हाही रस्त्यावरचाच खेळ. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर, देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून सोंगं रस्त्यातून नाचत येतात. आधी गणपती, शारदा आणि मग बाकीचे. वेग म्हणाल तर सोंग दोन पावलं पुढं येतं आणि एक मागं जातं. रॉकपोर्टच्या पोलिसांनी पाठलाग केला तर ते कंटाळून घरी जातील. पण जो कुणी येऊन उभा राहील, त्याला खेळ पुरा दिसतो, पहिल्या सोंगापासून शेवटच्या सोंगापर्यंत. रावणाची दहा तोंडं असतात ती सगळ्यांसाठी. सहा तोंडं साध्यांना आणि उरलेली चार ब्लॅक एडिशनवाल्यांना, असं कुणी म्हणत नाही.

बंड्याला मी ब्लॅक एडिशन घेऊन दिली का? नाही. त्याऐवजी आम्ही दोघांनी मिळून नव्या गेमचा एक आराखडा कागदावर केला आहे. चित्रं बंड्याची, हिशेब माझा. शर्यत जव्हारहून सुटते. गाडी एकच, लाल एस.टी. जादा गाडी मिळणार नाही. वाटेत धुकं आहे, गुरं आहेत, दरड आहे. मागे पोलीस लागत नाहीत. मागे कुणी लागत नाही हीच तर मुख्य अडचण आहे. बरोबर पंधरा नावांची यादी आहे, पण माणसांची नव्हे. रस्ता नसलेल्या पंधरा पाड्यांची. पाड्यापर्यंत गाडी पोचली, सगळी माणसं धडधाकट उतरली, की एक नाव खोडायचं. पंधरावं नाव खोडलं की गेम संपला. सरकारला खर्चात टाकल्याचा आकडा यातही पडद्यावर येईल, मात्र तो रस्ता बांधल्याचा असेल, आणि तो जितका वाढेल तितके मार्क जास्त.

हा गेम कुणी काढणार असेल तर आराखडा फुकट घेऊन जावा. निघाल्यावर मी स्वतःच्या पगारातून विकत घेईन, बंड्याला एक आणि मावशीला एक. अट एकच. पाकिटावर 'स्पेशल' लिहायचं नाही. साधी आवृत्ती द्या. पण पुरी द्या.